लाईन गेली, लाईन आली

पुण्याचे आमचे साडू गेल्या उन्हाळ्यात चार दिवसांसाठी पारशिवनीला आले होते. त्यांना बँकेतून थोडे पैसे काढायचे होते. ऊन्ह कडक, म्हणून मी शेजारच्या पोराला म्हटलं, "जाऊन पाहून ये रे, बँकेत लाईन आहे काय?" पोरगं सायकलवर टांग मारून गेलं आणि पाच मिनिटांत परत आलं. "नाही जी काका, लाईन नाही."

साडूंनी आनंदाने टोपी घातली. मीही बरोबर निघालो. बँकेत पोचतो तो आत अंधार. रोखपाल महाशय पासबुकाने वारा घेत बसलेले. साडू खिडकीशी गेले तर ते म्हणाले, "लाईन नाही साहेब."

"लाईन नाही म्हणून तर आलो!"

"अहो, लाईन गेली आहे."

"कुठे गेली? इथे तर चारच माणसं आहेत."

एवढ्यात पंखे फिरायला लागले, दिवे लागले, बाहेर गल्लीतली पोरं ओरडली, "लाईन आलीऽऽ!" साडूंनी पुन्हा स्लिप पुढे केली. रोखपालांनी संगणकाकडे पाहिलं, दोन-तीन बटणं दाबली आणि कपाळाला हात लावला. "लाईन आली, पण लाईन नाही." म्हणजे वीज आली होती, पण मुख्यालयाशी जोडणारी संगणकाची तार मुकी होती. तोवर ही बातमी कशी कोण जाणे गावात पसरली आणि अर्ध्या तासात बँकेच्या पायरीपर्यंत लाईन लागली.

साडू मला हळूच म्हणाले, "तुमच्याकडे या शब्दाला अर्थ तरी किती आहेत हो?"

त्यांना तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण ते मलाच ठाऊक नव्हतं. पण बँकेत उभ्या हयातीची नोकरी केलेल्या माणसाला मोजण्याची सवय असते. मी मोजायला लागलो आणि मोजता मोजता थकलो. म्हणून आज हे लिहायला बसलो आहे.

पुण्या-मुंबईकडे लाईट जातात, छापील मराठीत वीजपुरवठा खंडित होतो, आणि आमच्या विदर्भात लाईन जाते. माझ्या पहिल्या कादंबरीत एक शेतकरी रात्री घरी येतो आणि बायकोला म्हणतो, "लाईन गेली काय वं?" मुद्रितं हातात आली तेव्हा त्या बिचाऱ्याच्या तोंडी "वीज गेली का गं?" असं वाक्य होतं. संपादक मोठे सज्जन आणि विद्वान गृहस्थ. त्यांना मी पत्र लिहिलं, की माझ्या शेतकऱ्याच्या घरात वीज पडते, जाते ती लाईन. त्यांनी दुरुस्ती मान्य केली. पण समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहून पाठवला: या अर्थाला मराठी शब्द नाही का?

आहे ना. सरकारी शब्द आहे 'वाहिनी'. वीज कंपनीच्या पत्रकात 'अकरा केव्ही वाहिनीवरील बिघाड' असं असतं. शब्द देखणा आहे, अर्थवाहीही आहे. पण एकदा आमच्या चौकात असं पत्रक कुणीतरी मोठ्याने वाचत होतं, "वाहिनी दुरुस्तीसाठी बंद राहील," आणि एक म्हातारबुवा काळजीने विचारत होते, "कोनाची वहिनी म्हनता?" त्यानंतर मी त्या शब्दाच्या वाटेला गेलो नाही.

गंमत अशी, की आपल्याकडे शब्दांची वाण कधीच नव्हती. इंग्रजीला जिथे एका 'लाईन'वर भागवावं लागतं तिथे मराठीत घरभर सामान आहे. माणसांची ती रांग, अक्षरांची ती ओळ, कागदावरची रेघ, भूमितीतली रेषा, जेवणाऱ्यांची पंगत, नांगराचं तास, उसाची सरी, वारकऱ्यांची दिंडी. प्रत्येक शब्दाला आपापली जागा आहे. पंगतीला रांग म्हटलं तर यजमान रागावेल आणि रांगेला पंगत म्हटलं तर रेशन दुकानदार हसेल. अशा या भरल्या घरात 'लाईन' पाहुणी म्हणून आली आणि बघता बघता सगळ्या खोल्यांत वावरू लागली. आल्याबरोबर तिने इथलं व्याकरणही अंगी लावून घेतलं. ओळ, रांग, रेघ, रेषा या सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून तीही स्त्रीलिंगी झाली. अनेकवचन 'लायनी', विभक्ती 'लायनीत', 'लायनीनं', 'लायनीवर'. सासरच्या चालीरीती इतक्या लवकर उचलणारी सून विरळाच!

तिचं माहेर मात्र मला फार उशिरा कळलं. शब्दकोश चाळत असताना दिसलं, की या शब्दाचं मूळ लॅटिन 'लिनम' मध्ये आहे, आणि लिनम म्हणजे जवस! मी दोनदा वाचलं. जवसाच्या खोडातून धागा निघतो, त्याचं कापड ते लिनन. तो धागा ताणून गवंडी आणि सुतार सरळ रेघ आखत, म्हणून त्या दोरीला 'लिनिया' म्हणत आणि पुढे त्या रेघेलाच 'लाईन'. कोटाच्या आतल्या अस्तराला 'लायनिंग' म्हणतात तेही त्यामुळेच, कारण अस्तर लिननचं असायचं. जवसाच्या तेलापासून जमिनीवर अंथरायचं लिनोलियम झालं, त्यातही हाच धागा आहे.

आता आम्हा वैदर्भीयांना जवस सांगायला नको. जवसाची चटणी आणि ज्वारीची भाकर यावर माझं बालपण गेलं. आमच्या आजोबांच्या वावरात रब्बीत जवस असायचा. सकाळी त्याला निळी फुलं यायची आणि दुपारी ती गळून जायची. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाच्या वाणांवर कितीतरी वर्षं काम चालत आलं आहे. पण आपण जवस पेरला तो तेलासाठी आणि चटणीसाठी. धाग्यासाठी आपल्याकडे कापूस होता. त्यामुळे जे काम युरोपात जवसाने केलं ते इथे सुताने केलं. सूत म्हणजे धागा, सूत म्हणजे मोजमाप, सुतावरून सूत्र, आणि सूत्रधारापासून सुतार आला असं व्युत्पत्तीचे जाणकार सांगतात. दोन माणसांचं जमलं तर आपण 'सूत जुळलं' म्हणतो. हल्लीची पोरं 'लाईन मारतो' म्हणतात. म्हणजे जवस काय आणि कापूस काय, धागा शेवटी त्याच गल्लीत जाऊन पोचला. फरक एवढाच, की सूत जुळायला दोघं लागतात आणि लाईन मारायला एकटा पुरतो.

घर बांधणाऱ्या मिस्त्रीच्या थैलीत ओळंब्याशेजारी लाईनदोरी असते. पायवा खोदण्याआधी जमिनीवर पांढरी फक्की टाकून 'लाईन आऊट' करतात. त्या दिवशी नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. माझ्या घराची फक्की पडली तेव्हा बायको त्या पांढऱ्या रेघांमधून चालत होती आणि मला दाखवत होती, हे स्वयंपाकघर, ही देवाची खोली. भिंत एकही नव्हती, पण ती दारातूनच आत जात होती.

रेल्वेची लाईन मात्र आमच्या गावाला कधीच आली नाही. नागपूरला रेल्वे पोचली १८६७ साली, ग्रेट इंडियन पेनिन्शुलाची. पुढे बेंगाल-नागपूर रेल्वेने पूर्वेकडची वाट धरली. आमच्याच तालुक्यातल्या कन्हानवरून हावड्याच्या गाड्या धडधडत जातात, तिथूनच एक फाटा रामटेकला जातो, पण पारशिवनी दोन्हींच्या बाजूला राहून गेली. त्यामुळे आमच्यासाठी 'लाईन' हे लहानपणी एका ठिकाणाचंच नाव होतं. "कुठे गेले होते?" "लायनीवर." म्हणजे कन्हानला, गाडी पाहायला. पश्चिमेला सावनेरकडून छिंदवाड्याला जाणारी ती 'छोटी लाईन', अडीच फुटी, आणि ही कन्हानची 'मोठी लाईन'. छोट्या लायनीवरची गाडी इतक्या सावकाश चाले, की चढावर उतरून पोरं पुन्हा चढत असं थोरले सांगायचे. २०१५ साली ती छोटी लाईन रुंदीकरणासाठी बंद झाली आणि आता तिच्या जागी मोठीच झाली आहे.

रेल्वेने आपल्याला दिलेला खरा ठेवा म्हणजे 'लाईन क्लिअर'. एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनने रस्ता मोकळा असल्याची हमी दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा नियम. ती हमी म्हणजे यंत्रातून निघणारा एक धातूचा गोळा. वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा ड्रायव्हरच्या हातात पडला की गाडी सुटायची. आज गोळे फारसे उरले नाहीत, पण लग्न जमवताना अजूनही विचारतात, "मोठ्या बहिणीचं झालं का? मग लाईन क्लिअर आहे." माझ्या बढतीच्या वेळी वरिष्ठ म्हणाले होते, "तुमच्या वरचे दोघं रिटायर झाले, आता तुमची लाईन क्लिअर." झाली नाही ती गोष्ट निराळी.

नागपुरात तर ही बाई प्रतिष्ठित वस्तीत राहते. कामठीला इंग्रजांनी १८२१ साली छावणी वसवली. छावणीत शिपायांच्या बराकी ओळीने असत, त्या 'लाईन्स'. पुढे नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं आणि मुलकी साहेबांच्या बंगल्यांची वस्ती झाली ती 'सिव्हिल लाईन्स'. तिथे ओळ अशी काही नाही. मोठमोठी आवारं आणि चिंचेची झाडं. एका बंगल्यावरून दुसरा दिसत नाही. खरी ओळ आहे ती पोलीस लाईनीत, एकाला एक लागून खोल्या, एकाच नळावर भांडी. एकच शब्द साहेबाकडे गेला तर ऐसपैस झाला आणि शिपायाकडे आला तर दाटीवाटीने राहू लागला.

मग पोटापाण्याची लाईन. "मुलगा कोणत्या लायनीत आहे?" या प्रश्नाला आमच्या तरुणपणी चार उत्तरं होती: मास्तरकी, मेडिकल, बँक, किंवा "अजून लायनीवर आला नाही." माझ्या वडिलांनी मला कादंबऱ्या वाचताना पाहिलं की ते आईला म्हणायचे, "हा काही लायनीवर दिसत नाही." १९८२ साली बँकेत लागलो तेव्हा त्यांनी गावात सगळ्यांना सांगितलं, "पोरगा लायनीला लागला." माझी पहिली कादंबरी निघाली त्याच्या आधीच ते गेले. राहिले असते तर काय म्हणाले असते याचा अंदाज मला आहे.

विजेच्या लायनीकडे पुन्हा यायला हवं, कारण आमच्या तालुक्यात ती नुसती शब्दाची गंमत नाही. पेंच नदी आमची. तोतलाडोहचं धरण, खाली नवेगाव खैरीचं धरण. तोतलाडोहला १६० मेगावॅटचं जलविद्युत केंद्र, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांचं भागीतलं. पेंचचंच पाणी नागपूरच्या नळाला जातं आणि कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक केंद्रांनाही जातं. कोळसाही याच पट्ट्यातल्या खाणींचा. म्हणजे पाणी इथलं, कोळसा इथला, आणि मोठमोठ्या मनोऱ्यांवरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या लायनी आमच्या धानाच्या बांध्यांवरून गुणगुणत दूर जातात. खाली बांधावर उभा शेतकरी वर पाहतो आणि म्हणतो, "आमच्याकडे लाईन रातची आहे."

'रातची लाईन' हे तीन-तीन अक्षरी शब्द शहरातल्या वाचकाला समजणार नाहीत. शेतीच्या पंपाला थ्री फेज लागतो. तो आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळतो. रात्रीचा असेल तेव्हा थंडीत बारा-एकला उठायचं, डोक्याला फडकं, हातात बॅटरी आणि काठी, आणि गव्हाला पाणी द्यायला जायचं. बांधावर साप असतो. पेंचच्या जंगलाला लागून शेत असेल तर बिबट असतो आणि वाघही असतो. त्यात डुकरं येऊ नयेत म्हणून कुणी कुंपणात चोरून करंट सोडलेला असेल तर तोही अंधारात दिसत नाही. माझा धाकटा भाऊ शेती करतो. रातच्या लायनीच्या आठवड्यात वहिनी झोपत नाही. मध्येच लाईन गेली आणि पंपाचा आवाज बंद झाला की ती उठून दारात येते. आवाज पुन्हा सुरू झाला की कळतं, भाऊ स्टार्टरपाशी धड उभा आहे. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सरकारने सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या नावातही पुन्हा ती वाहिनी आहेच. भावाच्या शेतापर्यंत ती पोचेल तेव्हा वहिनी झोपेल.

या सगळ्याच्या मधे उभा असतो तो लाईनमन. डीपी जळाली, जंपर तुटला, कुणी टाकलेल्या आकड्याने तार खाली आली, की भर पावसात खांबावर चढणारा माणूस. गावात कलेक्टर आला तर चार लोक जमतात; लाईनमन आला तर गल्ली जमते. अलीकडे ४ मार्चला लाईनमन दिवस पाळतात हे वाचून बरं वाटलं.

बँकेतही लायनी भरपूर. पण आमच्या नोकरीतल्या सर्वांत महत्त्वाच्या लायनी दोनच, आणि त्या धनादेशाच्या कोपऱ्यात असतात. चेकवर दोन समांतर तिरप्या रेघा ओढल्या की तो 'क्रॉस' झाला. १८८१ च्या पराक्राम्य लेख अधिनियमात तशी व्याख्याच आहे. असा चेक खिडकीवर वटत नाही, पैसे खात्यातूनच जातात. चेक हरवला, चोराच्या हाती पडला, तरी त्याला रोकड मिळत नाही. पेनाच्या दोन फटकाऱ्यांत केवढी ताकद! नव्या कारकुनांना मी हे शिकवायचो तेव्हा एकाने विचारलं होतं, "साहेब, एकच रेघ मारली तर?" मी म्हटलं, "तर ती नुसती रेघ."

दुसरी एक रेषा मात्र कुणाला दिसत नव्हती, आणि तिच्यापायी माझ्या टेबलापुढे माणसं भांडायची. दारिद्र्यरेषा. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली 'पॉव्हर्टी इन इंडिया' हा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला पोटापुरतं, म्हणजे रोज सुमारे २२५० उष्मांक मिळतील एवढं खायला मिळावं, असं धरून त्यांनी हिशेब मांडला: १९६०-६१ च्या किमतींत खेड्यात माणशी महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. एवढाही खर्च ज्याला करता येत नाही तो गरीब. त्यांनी ही रेषा आखली ती किती माणसं उपाशी आहेत हे राज्यकर्त्यांना दिसावं म्हणून. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशाच्या सगळ्या विकास गटांत आला, आणि शेळ्या, म्हशी, बैलबंडी यांची कर्जं वाटायला मी बसलो. मग माणसं येऊन म्हणायची, "साहेब, मले रेषेखाली घ्या ना जी." वर जाण्यासाठी धडपडणारी माणसं मी पुस्तकांत वाचली होती. खाली यायला धडपडणारी पहिल्यांदा पाहिली. आणि जो खरोखर खाली होता तो बहुधा माझ्या टेबलापर्यंत येतच नसे. त्याला यादी लागल्याचंच माहीत नसे.

'डेडलाईन' हा शब्द बँकेत मार्च महिन्यात इतक्या वेळा ऐकू येतो, की त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ साली, अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची एक छावणी होती. तटाच्या आत थोड्या अंतरावर एक हलकंसं लाकडी कुंपण घातलेलं होतं. कैद्याने ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालत. तीच 'डेड लाईन'. हे वाचल्यावर '३१ मार्चची डेडलाईन' अशी परिपत्रकं मला जरा वेगळी दिसायला लागली.

आणि आता ज्या लायनीसाठी हा लेख लिहायला घेतला त्या लायनीकडे येतो. इतका वेळ मी तिला टाळत होतो हे वाचकांच्या लक्षात आलं असेल.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या. मी तेव्हा आमच्याच भागातल्या एका शाखेचा प्रमुख होतो. १० तारखेला दार उघडलं तेव्हा लाईन पार चौकापर्यंत गेली होती. त्या दिवसांत मी 'लाईन' हा शब्द जेवढ्या वेळा उच्चारला तेवढा साऱ्या आयुष्यात उच्चारला नसेन. लायनीत या. लाईन मोडू नका. बायांची लाईन वेगळी. म्हाताऱ्यांची वेगळी. कुणी चपला ठेवून जागा धरायचं, कुणी दगड. पहिल्यांदा चार हजारांपर्यंत नोटा बदलून मिळत. मग ती मर्यादा साडेचार हजार झाली. १८ तारखेपासून दोन हजार, तेही एकदाच, बोटाला शाई लावून.

गुरुवार, २४ नोव्हेंबर. दुपारनंतर रोकड संपत आली. किती जणांना पुरेल हे रोखपालाने मोजून सांगितलं, आणि मी शिपायाला म्हटलं, इतक्या माणसांनंतर रेघ ओढ. त्याने खडू घेतला आणि फरशीवर रेघ ओढली. रेघेच्या अलीकडचे थांबा, पलीकडच्यांनी उद्या या. लोक कुरकुरले, पण गेले. रेघेपलीकडची पहिली होती ती बाजारात भाजी विकणारी एक म्हातारी. मी तिच्याकडून कित्येक वर्षं सांबार घेत आलो होतो. सांबार म्हणजे कोथिंबीर, पुण्याच्या साडूंसाठी सांगून ठेवतो. तिच्या पदराच्या गाठीत पाचशेच्या चार नोटा होत्या. ती मला म्हणाली, "बाबू, मी एकलीच तर आहो. घेऊन घे ना." मी म्हटलं, "मावशी, एकीला घेतलं तर बाकीचे ओरडतील. उद्या सकाळी या, पहिला नंबर तुमचा."

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं, की उद्या आहे. त्याच संध्याकाळी घोषणा झाली, की मध्यरात्रीनंतर खिडकीवर नोटा बदलून मिळणार नाहीत. फक्त खात्यात भरता येतील, ३० डिसेंबरपर्यंत.

सकाळी दार उघडलं तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. पहिला नंबर तिचाच होता. मी तिला आत खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि म्हटलं, खातं उघडून देतो, पाच मिनिटांचं काम आहे, एक पैसा लागत नाही. तिने मान हलवली. "खातं नको बाबू. त्याचं पुस्तक घरी जाते. पोरगा पाहीन." मुलगा दारू पीत होता हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. ते पैसे तिने त्याच्यापासून राखले होते. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पासबुक बँकेतच ठेवू म्हटलं, तर म्हणाली, "मंग ते माहं कसं होईन?"

त्या चार नोटा मी माझ्याकडे घेऊ शकलो असतो, माझ्या खात्यात भरू शकलो असतो. मनात आलं होतं. पण दुसऱ्याचे पैसे आपल्या खात्यात भरू नका असं वर्तमानपत्रांत रोज छापून येत होतं, आणि मी तर शाखेचा प्रमुख. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती. मी म्हटलं, "मावशी, विचार करा आणि महिन्याभरात या." तिने नोटा पुन्हा पदरात बांधल्या. मी काही बोलू पाहतो आहे असं तिला वाटलं असावं. ती म्हणाली, "तुही काय चूक बाबू? लाईन तर होती. मीच मांगं होती."

ती आली नाही. ३० डिसेंबर उलटला. २०१७ साली कायदा झाला, की दहापेक्षा जास्त जुन्या नोटा बाळगणं हा गुन्हा. वाचलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, तिच्याकडे चारच आहेत.

शाखेतली ती खडूची रेघ शिपायाने दुसऱ्याच दिवशी पुसली होती. तरी मी निवृत्त होईपर्यंत त्या फरशीवरून जाताना पाय जरा उचलून टाकत असे. सहकाऱ्यांना वाटायचं, साहेबांचा गुडघा दुखतो.

म्हातारी आता नाही. तिच्या जागेवर तिची सून बसते, तेच पोतं, तोच तराजू. तिला यातलं काही ठाऊक नाही. मी अजून तिथूनच सांबार घेतो. परवा संध्याकाळी गेलो तर गर्दी होती. सुनेने मला ओळखलं आणि चार जणांच्या डोक्यावरून जुडी पुढे केली, "घ्या ना जी साहेब, तुम्ही कायले लायनीत?" मी म्हटलं, असू दे, मला घाई नाही. एवढ्यात बाजारातली लाईन गेली. कुणीतरी मेणबत्ती लावली, आणि आम्ही सगळे होतो तिथेच उभे राहिलो.